पोचमपल्लीची सायकलवारी

‘‘सर, रविवारी सकाळी आठला एसी गाडी तुमच्या दारात येईल. साइट दाखवू, जेवण आमच्याकडे, संध्याकाळी घरी सोडू.’’ प्लॉट विकणारा तरुण फोनवर हैदराबादी हिंदीत अगदी तोंडपाठ बोलत होता. मी म्हटलं, ‘‘गाडी नको. मी सायकलने येतो.’’

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग हळूच प्रश्न आला, ‘‘सर, पचास किलोमीटर है, मालूम है ना?’’

मालूम होतं. गेली चार वर्षं मी शनिवार-रविवारी नारायणगुड्यातून सायकल काढतो आणि शहराच्या बाहेर जितकं जमेल तितकं जातो. मी शर्यतीवाला नाही. घट्ट कपडे घालून ताशी तीसच्या वेगाने जाणाऱ्या मंडळींबद्दल मला आदर आहे, पण माझा वेग ताशी बारा-चौदा. वाटेत चहाची टपरी दिसली की थांबायचं, तळं दिसलं की थांबायचं, आणि कुणी ‘‘एक्कडिकी?’’ म्हणजे ‘कुठे निघालात?’ असं विचारलं तर हमखास थांबायचं. आठवडाभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला याहून स्वस्त औषध नाही.

या वेळी मात्र नुसतं औषध नव्हतं. बाबांनी मनावर घेतलं होतं की मुलाने आता जमीन घ्यावी. दोनशे गज का होईना, पण घ्यावी. जाहिरातीत पोचमपल्लीच्या अलीकडचा एक प्लॉट दिसला, माझी सहा-सात वर्षांची शिल्लक त्यात बरोबर बसत होती, आणि रविवारी टोकन द्यायचं असं जवळजवळ ठरलंच होतं. म्हणून मी शनिवारीच सायकलने निघायचं ठरवलं. एक रात्र पोचमपल्लीत राहायचं. रविवारी सकाळी बाबा बसने येतील, मग दोघं मिळून प्लॉट बघायचा.

पहाटेचं नारायणगुडा

नोव्हेंबरातला शनिवार, पहाटेचे पाच. नारायणगुड्याचा उड्डाणपूल त्या वेळी इतका रिकामा असतो की दिवसा हाच पूल आपल्याला रडवतो यावर विश्वास बसत नाही. मी नेहमी केशव मेमोरियलच्या फाटकाशी थांबून टायरमधली हवा बोटाने दाबून बघतो आणि मग निघतो. आपल्यातल्या नव्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, हे ‘केशव’ म्हणजे निजामाच्या काळातले न्यायमूर्ती केशवराव कोरटकर, मराठी माणूस. त्यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये ही शाळा सुरू झाली. रोज त्या पाटीसमोरून जाताना नाव वाचायचं राहून जातं. सायकलवर असलं की वाचलं जातं.

बरकतपुरा, अंबरपेट, रामंतापूर, उप्पल असे नऊ-दहा किलोमीटर शहरातच जातात. उप्पलच्या पुढे वरंगलचा महामार्ग लागतो. बोडुप्पल, नारापल्ली करत घटकेसरला पोचेपर्यंत उजाडलं होतं. इथे बाह्यवळण रस्ता डोक्यावरून जातो आणि तो ओलांडला की हवेचा वास बदलतो. डिझेल मागे पडतं, ओल्या गवताचा आणि शेणाचा वास सुरू होतो.

हैदराबादच्या पूर्वेकडचा हा मुलूख सायकलस्वाराला फार मानवतो. पश्चिमेला बंजारा, ज्युबिली हिल्सकडे जा, चढ-उतार पिंढऱ्यांचा जीव काढतात. पूर्वेला मात्र जमीन मुशी नदीबरोबर हळूहळू खाली उतरत जाते. नदी पूर्वेला वाहते, आपणही पूर्वेलाच चाललेलो असतो, त्यामुळे जाताना न जाणवणारा उतार मिळतो. येताना तोच चढ वसूल होतो, पण तोही इतका सौम्य की गिअर एक-दोन घरं खाली आणला की काम भागतं. थंडीत वारा बहुतेक ईशान्येकडून असतो. जाताना तो तोंडावर येतो आणि परतताना पाठीवर. हिशेब बरोबर.

बीबीनगरला महामार्ग सोडायचा. तिथे आता एम्स झाल्यामुळे टपऱ्या वाढल्या आहेत. एका ठेल्यावर गरम पुनुगुलु खाल्ले. इडलीच्या आंबवलेल्या पिठाची ही छोटी भजी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दहा-बारा कधी संपतात ते कळत नाही. ठेलेवाल्या बाईंनी सायकलवरच्या दोन पिशव्या बघून विचारलं, ‘‘काशीला चाललात का?’’ मी म्हटलं, ‘‘पोचमपल्लीला.’’ ‘‘मग बस आहे की,’’ असं म्हणून त्यांनी आणखी चार पुनुगुलु ताटलीत टाकले, बहुधा दयेने.

मुशीच्या काठाने

बीबीनगरपासून दक्षिणेला वळलं की खरी सफर सुरू होते. अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, मधूनच काळ्या ग्रॅनाइटच्या एकावर एक रचून ठेवल्यासारख्या शिळा आणि त्यामध्ये सपाट भातखाचरं. वानाकालम म्हणजे पावसाळी हंगामाचं भात नुकतंच निघालं होतं. शेतकऱ्यांनी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलं होतं आणि कडेला दगड लावून ठेवले होते. मोटारवाले यावर चिडतात. सायकलला उरलेला अर्धा रस्ता पुष्कळ होतो. एक आजी पायांनीच भातात रेघा ओढत चालल्या होत्या, खालचं भात वर यावं म्हणून. मी घंटी वाजवली नाही. त्या रांग पूर्ण करून वळल्या, मग मी पुढे गेलो.

विजेच्या तारेवर निळकंठ बसला होता. तेलुगूत याला पालपिट्टा म्हणतात आणि तो तेलंगणाचा राज्यपक्षी आहे. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. दसरा होऊन महिना लोटला होता, पण मी शुभ म्हणूनच धरलं.

ते शुभ पुढच्या दोन किलोमीटरमध्येच संपलं. रुद्रवेल्लीच्या अलीकडे मागचं चाक जड झालं. बाभळीचा काटा. सावलीत पिशव्या उतरवल्या, चाक काढलं, नवी ट्यूब घातली. जुनीला आधीच तीन ठिगळं होती, पण रस्त्यावर टाकवेना म्हणून ती गुंडाळून पिशवीत ठेवली. या फाटक्या ट्यूबचं पुढे काय झालं ते सांगतोच.

रुद्रवेल्ली आणि जुलूर यांच्यामध्ये मुशी ओलांडावी लागते. पूल कमी उंचीचा आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला की तो पाण्याखाली जातो आणि बीबीनगर-पोचमपल्ली वाहतूक बंद पडते. मी पुलाच्या मध्यावर उतरलो. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात जन्मलेली ही नदी आपल्या शहराच्या पोटातून जाते आणि आपलं सगळं सांडपाणी घेऊन इथे येते. पाणी काळपट होतं, दगडांपाशी साबणासारखा पांढरा फेस. वासाचं वर्णन करत नाही. नारायणगुड्यात मी सकाळी दात घासतो ते पाणी शेवटी इथेच येत असणार, असं मनात आलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

पण त्याच पाण्यावर दोन्ही काठांना हिरवंगार भात आणि गुरांचं गवत उभं राहतं. मुशीवर ठिकठिकाणी जुने बंधारे आहेत. त्यांतून निघालेले पाट शेताशेतांत फिरतात. शहर वाढलं तसं नदीत बारमाही पाणी आलं, आणि पूर्वी जिथे एकच पीक निघायचं तिथे दोन निघू लागली. घाण पाणी आहे, पण हुकमी आहे. इथला शेतकरी त्याच्याशी रागवावं की त्याचे आभार मानावेत या पेचात वर्षानुवर्षं राहतो आहे.

कमानीवरचे सिंह

जुलूर सोडल्यावर थोड्या वेळाने आमच्या प्लॉटची साइट लागली. सांगावं लागलं नाही. भातखाचरांच्या मधोमध मोठी कमान, तिच्यावर सिमेंटचे दोन सिंह, आत लाल मुरमाचे सरळ रस्ते आणि पिवळ्या-पांढऱ्या दगडांच्या रांगा. रखवालदार कुठे दिसेना. एक म्हैस मात्र आरामात ‘क्लब हाऊस’ लिहिलेल्या पाटीखाली बसली होती.

मोटारीतून आलो असतो तर थेट कमानीतून आत गेलो असतो. सायकलवर होतो म्हणून कुंपणाच्या बाहेरून, पाटाच्या कडेच्या पायवाटेने एक फेरी मारावीशी वाटली. हा पाट जुलूरच्या बाजूने माझ्याबरोबरच येत होता. हातभर रुंद, तळाशी काळा गाळ. साइटच्या मागच्या भिंतीपाशी आला आणि तिथेच संपला. भिंतीच्या पलीकडे मी डोकावून पाहिलं. मुरूम टाकून सारखं केलेलं.

शेजारच्या बांधावर एक म्हातारे शेतकरी गवत कापत होते. मी त्यांना विचारलं, ‘‘तात्ता, हा पाट पुढे कुठे जातो?’’

त्यांनी विळ्याने कमानीकडे दाखवलं. ‘‘पूर्वी तिकडच्या वीस एकरांना पाणी द्यायचा. आता तिकडे शेत नाही.’’

‘‘मग पावसाळ्यात पाणी येतं का?’’

‘‘येणार नाही तर काय करणार? पाण्याला जुनीच वाट ठाऊक असते.’’ एवढं बोलून त्यांनी पुन्हा गवत कापायला घेतलं.

रात्री फोनवर हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘उद्या मी येतोय ना. डोळ्यांनी बघू.’’

ट्यूबची गोष्ट

पोचमपल्लीत माझ्या ऑफिसातल्या मित्राचे मामा विणकर आहेत, त्यांच्याकडे मुक्काम होता. गाव म्हणजे तळ्याकाठी वसलेलं विणकरांचं मोठं खेडं. गल्लीतून सायकल हातात धरून चालत गेलो तर घराघरातून मागाचा ठकठक आवाज ऐकू येतो. जुन्या घरांपैकी एक ‘१०१ दारांचं घर’ म्हणून प्रसिद्ध आहे. ओसरीवर बसलेल्या मंडळींना वाट विचारली की ते आपापल्या आवडीचं एखादं दार दाखवतात. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने ‘उत्तम पर्यटन खेडं’ म्हणून पोचमपल्लीची निवड केली. तरीही शनिवारच्या दुपारी मला तिथे दुसरा एकही पर्यटक भेटला नाही.

पोचमपल्ली साडी आपल्या बायकांना वेगळी सांगायला नको. लग्नाकार्यात एक तरी दिसतेच. पण ती होते कशी, हे मी प्रथमच पाहिलं. नक्षी विणताना काढत नाहीत, ती आधीच सुतावर असते. सूत ताणून त्यावर खुणा करायच्या, जिथे रंग नको तिथे घट्ट बांधायचं, रंगात बुडवायचं, सोडायचं, पुन्हा दुसरीकडे बांधायचं, पुन्हा बुडवायचं. मग मागावर ताणा-बाणा जुळला की चौकट, हत्ती, पोपट आपोआप उमटतात. कडा जराशा विरघळल्यासारख्या दिसतात, तीच या इकतची ओळख.

आणि बांधायचं कशाने, तर रबराच्या पट्ट्यांनी. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून केलेल्या! रंग आत शिरू नये इतकं घट्ट रबरच बसतं. मामांनी ते दाखवल्यावर मी धावत जाऊन पिशवीतून माझी तीन ठिगळांची, बाभळीने मारलेली ट्यूब आणली. त्यांनी ती ताणून पाहिली, कानाशी नेऊन सोडली, मान डोलावली. मामी आतून म्हणाल्या, ‘‘निळ्या साडीला पुरेल.’’ माझ्या आयुष्यात पंक्चरचा इतका मान कधी झाला नव्हता.

मामींच्या खांद्याची एक गोष्टही तिथेच ऐकली. विणण्याआधी बाण्याचं सूत खुंट्यांच्या अर्धगोल चौकटीवर पुढे-मागे गुंडाळावं लागतं. याला ‘आसु’ म्हणतात आणि हे काम पिढ्यानपिढ्या बायका हाताने करत आल्या. एका साडीसाठी हात हजारो वेळा मागे-पुढे जातो, चार-पाच तास. आलेर भागातल्या चिंतकिंदी मल्लेशम यांना आपल्या आईचं हे हाल बघवेना. फारसं शिक्षण नसताना त्यांनी कित्येक वर्षं खटपट करून १९९९ मध्ये आसुचं यंत्र बनवलं आणि त्याला आईचंच, लक्ष्मी हे नाव दिलं. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मामींकडे आता ते यंत्र आहे. ‘‘दहा वर्षं आधी आलं असतं तर बरं झालं असतं,’’ त्या खांदा चोळत म्हणाल्या. मी इंजिनीअर आहे, दिवसभर इतरांचं काम सोपं करणारे प्रोग्रॅम लिहितो असं म्हणवतो. पण माझ्या प्रोग्रॅममुळे कुणाचा खांदा दुखायचा थांबला असेल, असं मला एकही उदाहरण आठवेना.

ऐंशी एकर

रविवारी साडेनऊला बाबा आरटीसीच्या बसमधून उतरले. खांद्याला शबनम, त्यात आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. प्लॉटवाल्याची गाडी यायला तास होता, म्हणून आम्ही विनोबा मंदिर बघायला गेलो.

गावाचं पूर्ण नाव भूदान पोचमपल्ली, ते याच वास्तूमुळे. गोष्ट आपल्या मराठी माणसाची आहे म्हणून थोडी सविस्तर सांगतो. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे ८ मार्च १९५१ रोजी पवनारहून पायी निघाले. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. आता जिथे राष्ट्रीय पोलीस अकादमी आहे, तोच हा भाग. संमेलन झाल्यावर ते मोटारीने परत गेले नाहीत. त्या वेळी तेलंगणात जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता, गावंच्या गावं दहशतीखाली होती, दोन्ही बाजूंनी माणसं मरत होती. विनोबांनी तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली आणि मग पायीच या गावांकडे निघाले. वय पंचावन्न.

१८ एप्रिल १९५१ रोजी ते पोचमपल्लीत पोचले. गावातल्या चाळीस हरिजन कुटुंबांनी त्यांना सांगितलं, आम्हाला कसायला जमीन हवी. किती? ऐंशी एकर, चाळीस ओलिताची आणि चाळीस कोरडवाहू. सरकारला अर्ज करू, असं आधी विनोबांच्या मनात आलं. मग त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारलं, तुमच्यातलं कुणी देऊ शकेल का? वेदिरे रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि म्हणाले, मी शंभर एकर देतो. पन्नास ओलिताची, पन्नास कोरडवाहू. तिथून भूदान सुरू झालं. पुढच्या काही आठवड्यांत तेलंगणातच सुमारे बारा हजार एकर मिळाले. विनोबा मग तेरा वर्षं देशभर चालत राहिले.

मंदिर म्हणजे साधीच वास्तू आहे, विनोबा जिथे उतरले होते ती. विनोबांचा पुतळा आहे, रामचंद्र रेड्डींचा आहे, जुनी छायाचित्रं आहेत. बाबांनी चपला काढल्या. आमची आजी रोज सकाळी गीताई म्हणायची. बाबांना ती अजून तोंडपाठ आहे, पण कुणासमोर म्हणत नाहीत.

मी त्यांना गोष्ट सांगितली. शंभर एकरांवर त्यांनी नुसतं हं म्हटलं. पण पुढचं ऐकून थांबले. शंभर एकर मिळतायत हे ऐकल्यावर हरिजन मंडळी म्हणाली होती की आम्हाला ऐंशीच पुरे.

‘‘शंभर मिळत असताना ऐंशीच म्हणाले?’’

‘‘हो.’’

‘‘घरटी दोन एकर,’’ बाबांनी बोटावर मोजलं. ‘‘म्हणजे ऐंशी गुंठे. आणि आपण घेतोय ते दोनशे गज म्हणजे किती?’’

एक गुंठा म्हणजे एकशेएकवीस गज. हे माप परभणीत आणि तेलंगणात एकच. म्हणजे आमचा प्लॉट पुरता दोन गुंठ्यांचाही नव्हता. माझ्या सात वर्षांच्या शिल्लकीत पावणेदोन गुंठे जमीन बसत होती.

भूदानाची पुढची गोष्ट सगळीच गोड नाही, हेही सांगायला हवं. देशभर मिळालेल्या जमिनीतली बरीचशी नापीक निघाली, बरीचशी कधी वाटलीच गेली नाही. इथल्या कायद्याप्रमाणे भूदानाची जमीन मुलाबाळांकडे वारशाने जाऊ शकते, पण विकता येत नाही. तरीही शहर जवळ आलं आणि भाव चढले तसे या जमिनींवरून वाद झाले, प्रकरणं न्यायालयांत गेली. पुतळ्यासमोर उभं राहिलं की हे सगळं एकाच वेळी आठवतं, आणि तरी तो उभा राहिलेला माणूस खोटा ठरत नाही.

बाबांची पाहणी

साडेदहाला एसी गाडी आली. त्या तरुणाने मला हेल्मेट हातात घेऊन उभा पाहिला आणि हसून म्हणाला, ‘‘सर, सच्ची में सायकलपे आए!’’ मुलगा चांगला होता. तोही कुठल्यातरी खेड्यातून नोकरीला आलेला, महिन्याचं टार्गेट डोक्यावर. त्याच्यावर मला राग आला नाही, आजही नाही.

साइटवर नकाशा उघडला गेला. प्लॉट क्रमांक, पूर्वमुखी, तीस फुटी रस्ता, मंजुरी ‘पुढच्या महिन्यात’. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मागची भिंत बघू.’’

भिंतीजवळ जाऊन ते उकिडवे बसले. सदुसष्टाव्या वर्षी, पांढऱ्या पायजम्यात. मुरमात बोट खुपसून त्यांनी खालची माती काढली, चिमटीत चोळली, मला दाखवली. काळी आणि ओली.

‘‘हा पाट कुठे जातो?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सर, वो पुराना है. बंद हो गया.’’

‘‘बंद पाटात ओल कशी?’’

त्या मुलाकडे उत्तर नव्हतं. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आपल्या जुन्या हैदराबादीत म्हणाले, ‘‘बेटा, चाळीस साल पानी के पीछे घुमा हूँ,’’ आणि गाडीकडे चालू लागले. टोकनचा चेक माझ्या खिशातच राहिला.

विणकर मामांकडे आम्ही दशम्या सोडल्या. जेवता जेवता बाबांनी जे सांगितलं ते मी पस्तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. आमचं मूळ गाव जिंतूर तालुक्यातलं. आजोबा गेल्यावर बाबांच्या वाट्याला साडेतीन एकर आली होती. आत्याचं लग्न, धाकट्या काकांचं शिक्षण आणि त्यांची स्वतःची हैदराबादची नोकरी. एका उन्हाळ्यात त्यांनी सही करून टाकली. ‘‘त्यानंतर चार-पाच वर्षं मी गावी गेलोच नाही,’’ ते म्हणाले. ‘‘सात-बाऱ्यावर नाव नाही म्हटल्यावर स्वतःच्या गावात पाहुणा झालो रे. तुझं नाव कुठेतरी लागलेलं बघायचं होतं, एवढंच.’’

मी काय बोलणार? म्हटलं, ‘‘बघू की बाबा. घाई काय आहे?’’

‘‘घाई मलाच होती,’’ ते म्हणाले. मामींनी त्यांच्या ताटात भात वाढला. बाबांनी मुठीएवढा पुरे अशी खूण केली, आणि मामींनी ती मानली नाही.

तुम्हीही जा

मी परतलो ते कोत्तागुडेम फाट्यावरून विजयवाडा महामार्गाने, हयातनगर, एल. बी. नगर करत. अंतर साधारण तेवढंच, पण महामार्गावर ट्रक फार. एकदाच जायचं असेल तर जाता-येता बीबीनगरचाच रस्ता धरा. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. मार्चपासून सकाळी नऊनंतर ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात निघण्याआधी मुशीच्या पुलाची चौकशी करा. महागडी सायकल लागत नाही, पण ब्रेक, दोन जादा ट्यूबा, पंप आणि मागचा लाल दिवा हवाच. पाणी दोन लिटर. मुशीच्या काठी थांबून फोटो काढा, पण हात धुवायला तिथलं पाणी घेऊ नका. भात वाळत घातलेलं असेल तिथे उतरून चाला, चाकाखाली कुणाचं तरी वर्षभराचं अन्न असतं. शाळकरी मुलांना घेऊन जाणार असाल तर बीबीनगरपर्यंत गाडीने जा आणि तिथून पुढचे पंधराएक किलोमीटर सायकलने. त्या भागात रहदारी कमी आहे आणि बघण्यासारखं जास्त.

ज्यांच्याकडे दोन दिवस आहेत त्यांनी पुढे भोंगीरला जावं. एका अखंड, अंड्यासारख्या प्रचंड खडकावर किल्ला आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहावा विक्रमादित्य, म्हणजे त्रिभुवनमल्ल, याने तो बांधला आणि त्याच्याच नावावरून त्रिभुवनगिरी, भुवनगिरी, भोंगीर असं नाव पडत गेलं. त्याच्याही पुढे आलेरजवळ कोलनुपाकचं प्राचीन जैन मंदिर. तेवढ्यासाठी सायकल घटकाभर विसरावी लागली तरी चालेल.

नारायणगुड्यात पोचलो तेव्हा सात वाजले होते. बाबा माझ्या आधी दोन तास घरी पोचून आईला सगळं सांगून मोकळे झाले होते. मी सायकल जिन्याखाली लावत असताना ते गॅलरीतून वाकून म्हणाले, ‘‘अरे, ते भोंगीर कधी म्हणालास?’’

‘‘जानेवारीत. का?’’

‘‘आदल्या दिवशी सांग. आणि तिकडे बस किती वाजता असते तेही बघून ठेव.’’